लोखंडी रिमला नावे ठेवण्यापूर्वी

पंधरा-वीस वर्षे जुनी स्प्लेंडर, कुणाच्या अंगणात पडून राहिलेली आरएक्स १०० किंवा खिळखिळी झालेली बुलेट स्वस्तात घ्यायची, ती पूर्ण सोलून पुन्हा उभी करायची आणि सगळा खर्च खिशाला झेपेल एवढ्यात बसवायचा, हा नाद नागपुरातल्या बऱ्याच पोरांना आहे. नाद चांगला आहे. त्यातून हाताला काम कळते आणि भंगारात जाणारी गाडी रस्त्यावर राहते. इंजिन, कार्ब्युरेटर, क्लचप्लेट यांवर ही मंडळी तासन्‌तास बारकाईने बोलतात. पण चाकांचा विषय निघाला की बारकाई संपते आणि फर्मान सुटते: स्पोक काढ, अलॉय टाक. हे फर्मान इतक्या खात्रीने दिले जाते की विचारणाऱ्याला ‘का?’ म्हणायचीही लाज वाटावी.

फर्मानामागचे म्हणणे थोडक्यात असे. स्पोकची चाके दूधवाल्याच्या गाडीला शोभतात, हौसेच्या गाडीला नाही. अलॉय हलके असते, म्हणून गाडी पळते आणि मायलेज वाढते. अलॉय मजबूत असते, ते कधी ‘आऊट’ होत नाही, म्हणजे डोलत नाही, त्याच्याकडे बघावे लागत नाही. त्यात ट्यूबलेस टायर बसतो. क्रोमची लोखंडी रिम दोन पावसाळ्यांत गंजून जाते. आणि सर्वांत मोठा मुद्दा म्हणजे पल्सरची जुनी जोडी भंगारवाल्याकडे पडेल भावात मिळते, मग यापेक्षा स्वस्त ते काय? ज्यांना हे पटत नाही त्यांचा दुसरा पंथ आहे, तो जरा उच्चभ्रू. त्यांच्या मते स्पोक चालतील, पण रिम ॲल्युमिनियमची हवी, तीही जपानची एक्सेल किंवा डीआयडी, जमल्यास इटलीची बोरानी. तेवढी ऐपत नसेल तर गाडीला हातच लावू नये. दोन्ही पंथ एकमेकांची टिंगल करतात, पण एका गोष्टीवर त्यांचे एकमत आहे. साधी, क्रोम केलेली, कंपनीच्या मूळ मापाची लोखंडी रिम ही गरिबाची नाइलाजाची निवड आहे, असे दोघेही मानतात. माझे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. कमी पैशात गाडी उभी करणाऱ्याने तीच रिम घ्यावी, आणि ती परवडते म्हणून नव्हे. या रस्त्यांवर, या गाड्यांना, या हबांवर तिच्यापेक्षा योग्य दुसरी रिमच नाही म्हणून घ्यावी.

आधी प्रतिष्ठेचा प्रश्न मिटवू. स्पोक जर दूधवाल्याची मक्तेदारी असेल, तर रॉयल एन्फिल्डने २०१६ साली हिमालयन आणली तेव्हा तिला स्पोकची चाके का दिली? हीरोची एक्सपल्स २०१९ मध्ये आली, तिच्या पुढच्या एकवीस इंची आणि मागच्या अठरा इंची चाकांत स्पोक का? हीरोचाच संघ २०१७ पासून डाकार रॅलीत उतरतो. वाळवंटातले दगडधोंडे तुडवणाऱ्या त्या गाड्यांना अलॉय परवडत नाही असे कुणी म्हणेल काय? लाखो रुपयांची गाडी घेणारा स्पोकसाठी जादा पैसे मोजतो, आणि वीस हजारांची स्प्लेंडर घेणारा त्याच गाडीचे स्पोक उपसून भंगारात टाकतो. यात आधुनिकता नेमकी कुणाची? पल्सर २००१ साली बाजारात आली तेव्हा तिलाही स्पोकच होते, हे आज पल्सरची अलॉय जोडी शोधत फिरणाऱ्यांना सांगावे लागते.

मुळात तारेचे चाक काम कसे करते हे समजून न घेता त्याला जुनाट ठरवले जाते. बैलगाडीच्या चाकात भार खालच्या आऱ्यावर येतो. आरा दबतो, म्हणून तो जाड लाकडाचा लागतो आणि सगळे एकत्र आवळून धरायला वर लोखंडी धाव चढवावी लागते. मोटरसायकलच्या स्पोकचे काम नेमके उलटे आहे. तो ढकलत नाही, ओढून धरतो. छत्तीसच्या छत्तीस स्पोक आधीच ताणलेले असतात; गाडीचा भार आला की जमिनीकडच्या काही स्पोकांचा ताण थोडा उतरतो, बाकीचे रिमला आपल्या जागी धरून ठेवतात. म्हणूनच तीन-साडेतीन मिलिमीटरची तार दोन माणसे, सिलिंडर आणि गव्हाचे पोते यांचा भार वाहते. ही कल्पना जॉर्ज केली या इंग्रज संशोधकाने १८०८ च्या सुमारास मांडली, ती विमानाच्या चाकांसाठी. विमान अजून उडालेलेही नव्हते, पण हलके आणि मजबूत चाक हवे असेल तर ते तारेचे, हे त्याला कळले होते. पुढे १८७४ मध्ये जेम्स स्टार्लीने हबला स्पर्श करून तिरपे जाणाऱ्या स्पोकांचे पेटंट घेतले. तिरपे स्पोक ब्रेकचा आणि चेनचा पीळ झेलतात, आणि आजच्या स्प्लेंडरच्या चाकात एकमेकांना छेदत जाणारे स्पोक त्याच घराण्यातले आहेत. दीडशे वर्षे टिकलेल्या रचनेला जुनी म्हणता येईल. पण जुनी म्हणजे कालबाह्य, हे कुणी सिद्ध केले?

आता मजबुतीकडे वळू, कारण खरी गफलत इथे आहे. मजबूत म्हणजे न वाकणारे, अशी समजूत असते. सर्वसाधारण गाड्यांचे अलॉय चाक हे ॲल्युमिनियमचे ओतीव चाक असते. त्यात सुमारे सात टक्के सिलिकॉन आणि थोडे मॅग्नेशियम असते. ओतल्यावर ते भट्टीत पाचशे चाळीस अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतात, पाण्यात थंड करतात आणि पुन्हा दीडशे अंशांच्या पुढे काही तास ठेवतात. त्याची ताकद या प्रक्रियेतून येते. असा धातू बराच भार घेतो, पण फारसा ताणला जात नाही; मर्यादा ओलांडली की तडकतो. रिमचे साधे पोलाद तुटण्याआधी खूप ताणले जाते, म्हणजे वाकते. रस्त्यावरच्या माणसाला यातले काय हवे? नागपुरात सिमेंट रस्त्यांची कामे झाली, अजून होत आहेत, आणि त्या रस्त्याची कड व बाजूचा मुरूम किंवा गट्टू यांच्यात बऱ्याच ठिकाणी सरळ पायरी असते. शहराबाहेर पडले की काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचा डांबरी रस्ता लाटांसारखा करून सोडते. उमरेड, काटोल, हिंगणा, कुठलीही दिशा घ्या. अशा पायरीवर किंवा खड्ड्याच्या धारेवर चाक आदळले की लोखंडी रिमला पोचा पडतो, चाक थोडे डोलते, स्वार शिव्या देतो आणि घरी पोचतो. ओतीव चाकाला त्याच आघाताने तडा गेला तर तो बहुधा रंगाखाली असतो, आणि पुढच्या खड्ड्याची वाट बघत बसतो.

‘पण अलॉय दुरुस्त होते की!’ हे उत्तर लगेच येते. होते म्हणजे काय होते? गॅसच्या ज्योतीने तापवून हातोडीने सरळ करतात, तडा असेल तर वेल्डिंग मारतात, घासून रंग फवारतात. दिसायला नवे. पण भट्टीतून जे गुण त्या धातूला मिळाले होते, ते अंदाजाने मारलेल्या ज्योतीने त्या जागी उतरतात. वेल्डिंगच्या शेजारचा भाग आता मूळ ताकदीचा राहिलेला नसतो आणि ते डोळ्यांना दिसतही नाही. मिश्रधातूच्या चाकांसाठी आयएस १६१९२ हे भारतीय मानक आहे. चाक वारंवार वाकवून, भाराखाली फिरवून, वरून आघात करून तपासले जाते, तेव्हा ते विक्रीला येते. ज्योत मारलेले चाक या कसोट्यांवर पुन्हा उतरेल याची हमी कोण देणार, रंग फवारणारा? लोखंडी रिमचा पोचा काढताना असला प्रश्न पडत नाही. पोचा निघत नसेल तर रिम बदलायची. हब तोच, बेअरिंग तेच, बरे असतील तर स्पोकही तेच. जे बिघडले तेवढेच बदलता येणे, याला काटकसर म्हणतात. अलॉयचा एक कोपरा गेला की अख्खे चाक गेले.

हलकेपणाचा मुद्दा तर हिशेबाला बसूच नये असा आहे. ॲल्युमिनियमची घनता २.७ आणि पोलादाची ७.८५, हे शाळेत शिकलेले आठवते. मात्र ॲल्युमिनियमचा ताठपणाही पोलादाच्या एकतृतीयांशच असतो, त्यामुळे ओतीव चाकाला जाड हात आणि जाड कड द्यावी लागते, हे कुणी आठवत नाही. स्वस्त गाड्यांची ओतीव चाके तारेच्या चाकांपेक्षा हलकी असतातच असे नाही, काही वेळा जडच असतात. पण वादासाठी मान्य करू की दोन्ही चाके मिळून रिमच्या जागी दोन किलो वाचले. फिरणारे वजन वेग घेताना जास्त भारी पडते, तेही धरू. अठरा इंची रिमला हा गुणक साधारण दीडपट येतो. म्हणजे फायदा झाला तीन-सव्वातीन किलोंचा. एकशे दहा किलोंची गाडी आणि वर दोन माणसे धरली तर एकूण अडीचशे किलो. फरक पडला एक-सव्वा टक्का. स्प्लेंडरची टाकी अर्धीच भरली तरी यापेक्षा जास्त वजन उतरते! मग तेवढ्यासाठी चाके कशाला बदलायची?

मायलेजच्या दाव्यात एक गंमत दडलेली आहे. अठरा इंची २.७५ च्या टायरचा बाहेरचा व्यास सुमारे ५९७ मिलिमीटर भरतो. त्याच जाडीचा टायर सतरा इंची रिमवर चढवला तर तो सुमारे ५७२ होतो. म्हणजे चार टक्क्यांहून थोडे जास्त लहान. या गाड्यांचा मीटर पुढच्या चाकावरून चालतो. चाक लहान झाले की ते तेवढ्याच अंतरात जास्त फेरे घेते आणि मीटर जास्त किलोमीटर दाखवतो. पोरगा खुशीत सांगतो की अलॉय टाकल्यापासून ॲव्हरेज वाढले. वाढले ते मीटरवर.

आता ज्या मुद्द्यावर सगळी भिस्त आहे तो, भंगारातली स्वस्त जोडी. भाव चाकाचा सांगितला जातो, बसवण्याचा कुणी सांगत नाही. आरएक्सला किंवा स्प्लेंडरला पल्सरचे पुढचे चाक लावायचे म्हणजे काय काय लागते? ते चाक डिस्कचे असेल तर कॅलिपर अडकवायला जुन्या फोर्कवर जागाच नसते, म्हणून फोर्क बदला. फोर्क बदलला की टी-प्लेट जुळवा. मग मास्टर सिलिंडर, डिस्क, होज, लिव्हर. मागच्या चाकाला ॲक्सलची जाडी जुळत नाही, म्हणून लेथवाल्याकडून बुश. रुंदी जुळत नाही, म्हणून स्पेसर घासून घ्या. तरीही मागचे स्प्रॉकेट पुढच्याच्या ओळीत येईल याची खात्री नाही. चेन तिरपी चालली की स्प्रॉकेटचे दात एका बाजूने झिजतात आणि चेन लवकर जाते. हबमधले रबर झिजलेले निघाले तर गिअर टाकताना झटके बसतात. बेअरिंगची बैठक आधीच्या मालकाने ठोकून ठोकून ढिली केलेली असली तर नवे बेअरिंगही त्यात डुलते, आणि त्याला इलाज नाही. शेवटी मीटरची केबल कुठे लावायची हा प्रश्न उरतोच. हे सगळे एका कागदावर लिहा, प्रत्येकापुढे आपल्या ओळखीच्या दुकानातला भाव टाका आणि बेरीज करा. दुसऱ्या कागदावर लिहा: मूळ मापाच्या दोन रिमा, स्पोकचे दोन सेट, चार बेअरिंग, रिम टेप आणि चाक बांधण्याची मजुरी. बसवताना काहीही कापायचे नाही, घासायचे नाही, वेल्डिंग करायचे नाही. मला पहिला कागद दाखवून ‘हे स्वस्त आहे’ असे म्हणणारा अजून भेटलेला नाही.

त्यात कायद्याचा भाग वेगळाच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदलाला मनाई केली आहे, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तीच भूमिका ठामपणे मांडली, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरबदलामागे मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. फोर्क, डिस्क, चाकाचे माप असे सगळे बदललेली गाडी एमएच ३१ ची पाटी लावून फिरवताना हे माहीत असलेले बरे. मूळ मापाची रिम टाकणे म्हणजे झिजलेला भाग बदलणे. तिथे हा प्रश्नच येत नाही.

ट्यूबलेसबद्दल मात्र विरोधकांना एक गुण द्यायला हवा. खिळा लागल्यावर ट्यूबची हवा झटकन जाते, ट्यूबलेसची हळूहळू. वर्धा रोडवर भरधाव जाताना हा फरक मोठा आहे. पण म्हणून काय करायचे? ट्यूबलेस टायरला कड धरून ठेवणारा उंचवटा असलेली रिम लागते. साध्या स्पोकच्या रिमला तो नसतो. तरीही काही जण स्पोकच्या निपलवर सिलिकॉन फासून साध्याच रिमला ट्यूबलेस करतात. हवा काही दिवस धरतेही, पण हवा कमी झाली की टायरची कड सरकायला मोकळी. हे ट्यूबपेक्षा सुरक्षित कसे? आणि खऱ्या ट्यूबलेस अलॉयला धारेवर आपटून पोचा पडला की कडेतून हवा गळतेच. रोज सकाळी पंपावर रांग. जो माणूस दिवसभर इतवारी, महाल, सदर असा तीस-चाळीसच्या वेगाने फिरतो आणि महिन्यातून एकदा रामटेकला जातो, त्याने चांगला टायर, नवी ट्यूब आणि बरोबर हवा यांवर पैसे खर्च केले तर त्याची सोय होते. दुचाकींचे टायर तर सीएट बुटीबोरीलाच बनवते. रिमवर वाचलेले पैसे टायरवर लावा. रस्त्याला टेकतो तो टायर. एवढी साधी गोष्ट सांगायला कुणी तज्ज्ञ लागत नाही, तरी गुळगुळीत टायरांवर चमकदार अलॉय चढवलेल्या गाड्या फुटाळा तलावावर संध्याकाळी रांगेने उभ्या दिसतातच.

चाक ‘आऊट’ होते, हा आरोप खरा आहे आणि तोच स्पोकचा गुण आहे. स्पोक सैल पडला की तो आवाज करतो, चाक डोलते, ब्रेक लागताना कळते. बिघाड स्वतःहून हजेरी देतो. होंडाच्या दुरुस्ती-पुस्तिकांत रिमच्या डोलण्याची मर्यादा दोन मिलिमीटर दिलेली आढळते, बाजूलाही आणि वर-खालीही. दोन मिलिमीटर बघायला फोर्कला बांधलेली एक काडी पुरते. नवे बांधलेले चाक पहिल्या काही शे किलोमीटरनंतर एकदा आवळून घेतले की ते बराच काळ त्रास देत नाही. बऱ्याचदा चाक वारंवार आऊट होते कारण दुकानात आधीच भरून ठेवलेले, घाईत आवळलेले चाक तसेच बसवलेले असते. दोष बांधणाऱ्याचा, बदनामी रचनेची. आणि आऊट काढणारा माणूस कुठे नाही? कामठीला आहे, सावनेरला आहे, हिंगणघाटला आहे, तालुक्याच्या गावातल्या सायकलच्या दुकानातही आहे. तडकलेले अलॉय घेऊन तिथे गेलात तर तो कारागीर काय करील? पाणी पाजील आणि बसचा वेळ सांगेल.

गंजाच्या भीतीचा उगम शोधला तर ती बाहेरून आलेली दिसते. रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत क्रोम टिकत नाही, हे खरे. बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या देशांतही लोखंडी रिम लवकर खराब होते आणि तिथला मेकॅनिक ॲल्युमिनियम सुचवतो, तेही बरोबर. नागपूर समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. इथे पावसाळा चार महिने, उरलेले आठ महिने हवा कोरडी, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे. इथली रिम बाहेरून उगाच गंजत नाही. ती गंजते आतून, स्पोकच्या भोकांतून शिरलेल्या पाण्याने. क्रोमचा थर नुसता चमकेपुरता असतो, खरे रक्षण त्याखालचे निकेल करते, आणि रिमच्या आतल्या बाजूला ते नीट चढलेले नसते. टायर चढवण्याआधी आतून रेड ऑक्साइडचा हात मारा, वर धड रिम टेप घाला. याला लागतो एक ब्रश. या एका ब्रशचा कंटाळा करून ‘लोखंड गंजते’ म्हणणे म्हणजे दार उघडे ठेवून चोराच्या नावाने बोटे मोडणे.

आता दुसऱ्या पंथाकडे. जपानी ॲल्युमिनियम रिम चांगल्या असतात, याबद्दल वाद नाही. पण त्या कमी पैशातल्या गाडीसाठी चांगल्या आहेत का? अशी रिम आपल्या हबच्या मापाने भोके पाडून मागवावी लागते. भोकांचा तिरपेपणा हबच्या आकाराप्रमाणे बदलतो. मग त्या मापाचे स्पोक बनवून घ्या. ॲल्युमिनियमच्या रिममध्ये वेगळ्या धातूचे निपल दोन-तीन पावसाळ्यांत धरून बसतात, मग आवळायला गेले की स्पोकच पिळतो. आणि एखाद्या धारेवर ती वाकली, तर पुन्हा मागवा आणि महिनाभर गाडी उभी ठेवा. स्प्लेंडर १९९४ साली आली. तिचे छत्तीस भोकांचे अठरा इंची चाक तेव्हापासून देशभर इतक्या संख्येने फिरते आहे की त्याचा प्रत्येक भाग घाट रोडच्या दुकानात काउंटरवर मिळतो. तिची रिम स्वस्त आहे ती हलक्या दर्जाची म्हणून नव्हे, प्रचंड संख्येने बनते म्हणून. दुर्मिळ वस्तू चांगली आणि मुबलक वस्तू सामान्य, हा सोन्याचांदीच्या दुकानातला न्याय गॅरेजमध्ये कशाला आणायचा?

‘रिम ही जिवाची गोष्ट, तिथे स्वस्त बघू नये,’ हे वाक्य दोन्ही पंथ शेवटचे अस्त्र म्हणून वापरतात. वाक्य बरोबर आहे, ते रोखले आहे चुकीच्या दिशेने. जिवाची काळजी असलेला माणूस आधीच्या मालकाने किती खड्ड्यांत घातले हे माहीत नसलेले, वरून रंगवलेले चाक घेईल की कंपनीच्या मापाची नवी कोरी लोखंडी रिम? नकली लोखंडी रिमा बाजारात आहेत, हे मान्य. पातळ पत्रा, जोडाचे वेल्डिंग उचललेले, भोके वेडीवाकडी. पण हे दोष डोळ्यांना आणि बोटांना कळतात. रिमवर माप ठोकलेले असते ते वाचता येते, जोडावरून नख फिरवता येते, दुसऱ्या रिमशेजारी ठेवून वजन हातात तोलता येते. अलॉयमधला तडा नखाला लागत नाही. तपासता येणारी वस्तू धोकादायक आणि न तपासता येणारी सुरक्षित, हे तर्कशास्त्र कोणत्या शाळेत शिकवतात?

रुंद टायरच्या हौसेबद्दल फार लिहीत नाही. १.६० च्या रिमला २.७५ किंवा ३.०० चा टायर बसतो. शंभर मिलिमीटर रुंदीचा टायर किमान २.१५ ची रिम मागतो. अरुंद रिमवर तो कोंबला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात, मधला भाग टोकदार होतो आणि रस्त्याला टेकणारी जागा वाढायच्या ऐवजी घटते. दिसते मात्र दणकट.

राहिला दिसण्याचा प्रश्न. ज्याला अलॉय आवडते म्हणून बसवायचे आहे, त्याच्याशी माझे भांडण नाही. आवडीला हिशेब लागत नाही. माझे भांडण आहे ते आवडीला हलकेपणा, मजबुती, मायलेज आणि काटकसर अशी नावे देऊन पहिल्यांदाच गाडी बांधणाऱ्या पोराच्या खिशात हात घालणाऱ्यांशी. त्याने तीन महिने पैसे साठवलेले असतात, आणि ते फोर्क, बुश, स्पेसर यांत संपल्यावर त्याची अर्धवट गाडी ओएलएक्सवर ‘प्रोजेक्ट बाइक’ म्हणून विकायला निघते.

तेव्हा दुकानात जाल तेव्हा फोटो दाखवू नका, जुना हब सोबत न्या. छत्तीस भोके की चाळीस, ते मोजा; जुन्या रिमवरचे माप पुसले असेल तर टायरवरचे बघा. पुढची आणि मागची रिम वेगवेगळी मागा, स्पोकचा सेटही हबप्रमाणेच घ्या. चाक भरलेले घेऊ नका, समोर बांधून घ्या, आणि बांधणाऱ्याला त्याची मजुरी घासाघीस न करता द्या. कमी पैशातल्या गाडीला साजेशी रिम कोणती, या प्रश्नाचे उत्तर क्रोमची लोखंडी रिम हेच आहे, आणि ज्यांना ते मान्य नाही त्यांनी आधी ते दोन कागद मांडून बेरीज दाखवावी.